पाहुण्यांचे पान
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत. आम्ही आज लग्नाच्या स्वागत समारंभाचा घरगुती विषय घेऊन उभे आहोत. अधिकार इतकाच की, दोन कन्यांची लग्ने आम्ही याच लखनौ शहरात केली. पहिल्या खेपेस चुकलो आणि दुसऱ्या खेपेस थोडेफार सावरलो.

पहिली चूक तिथीचीच झाली. मध्य डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत येथे खरमास पाळतात, त्यामुळे स्थानिक मंडळी त्या काळात लग्ने करीत नाहीत. आपल्या पंचांगात मात्र डिसेंबरअखेरही मुहूर्त निघतात. सभागृह रिकामे, भाडे कमी. आम्हांस मोह पडला. धुक्याचा विचार सुचला नाही. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने येथे पोहोचावयास एरव्हीच सुमारे २४ तास लागतात. त्या दिवशी गाडीस आणखी ७ तास उशीर झाला. रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेले आमचे ७८ वर्षांचे मामा समारंभास अवघा तासभर उरला असताना येऊन टेकले.

निमंत्रित होते ३००. वधूवरांसह आम्ही उभयता मंचावर. हिशेब करून पाहा: ३०० माणसांची १५० कुटुंबे धरली आणि नमस्कार, लिफाफा व छायाचित्र यांस मिळून प्रत्येकी एकच मिनिट दिले, तरी अडीच तास होतात. ते अडीच तास आम्ही हात जोडून हसत उभे होतो. खाली मामांच्या भोवती उभ्याने जेवणारी गर्दी, हातात जड थाळी, भाषा परकी आणि ओळखीचे कोणी नाही. त्यांनी थाळी बाजूस ठेवली व भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून राहिले. रात्री खोलीवर जाऊन त्यांनी प्रवासातल्या उरलेल्या दशम्या खाल्ल्या, हे आम्हांस स्टेशनवर मामींकडून कळले. "अरे, तुझी धावपळ होती, त्यात काय एवढे!" असे मामा म्हणाले. गाडी सुटेपर्यंत आमच्याने मान वर करवली नाही.

मंचाची सजावट, रोषणाई यांवर आम्ही हात सैल सोडला होता. मामांच्या शेजारी एक माणूस बसविण्यास मात्र एक पैसाही लागला नसता.

धाकटीच्या लग्नाच्या वेळी मामा हयात नव्हते. ते लग्न आम्ही फेब्रुवारीत केले. प्रथम पत्रिकेकडे लक्ष दिले. सात वाजताची वेळ छापली की आपली मंडळी पावणेसातास हजर होतात, आणि येथील स्नेही नऊच्या आत घराबाहेर पडत नाहीत. ध्वनिक्षेपकास तर २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर मनाई आहे. म्हणून मराठी पत्रिकेत गोरज मुहूर्त ठळक छापला आणि हिंदी पत्रिकेत भोजनाची वेळ. मुहूर्तास आलेल्या अमराठी पाहुण्यांना अक्षतांबरोबर एक लहानसा हिंदी कागद दिला: अंतरपाट म्हणजे काय, अक्षता केव्हा टाकाव्यात. पहिल्या खेपेस बिचाऱ्यांनी साऱ्या अक्षता पहिल्याच मंगलाष्टकाला उधळून टाकल्या होत्या!

आहेराचा प्रश्न नाजूक आहे. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आपल्याकडे सौजन्याची समजतात. येथे मात्र लिफाफा देणे हा 'व्यवहार' आहे. आपल्या मुलीच्या लग्नात काय आले ते वहीत लिहून ठेवून तो फेडतात. तो नाकारला तर आपण संबंधच नाकारला, असा अर्थ होतो. आम्ही ती ओळ हिंदी पत्रिकेतून काढून टाकली. मंडळातील काही सुधारक मित्रांना हे रुचले नाही. आमचे मत आजही तेच आहे.

मंचावर आम्ही मोजून ४० मिनिटे उभे राहिलो. नंतर वधूवरांस खाली आणून पाहुण्यांमधून फिरविले. छायाचित्रकार थोडा नाराज झाला. वाद्यवृंद आम्ही ठेवलाच नाही. सनईची ध्वनिमुद्रिका पुरली, आणि माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू आले.

बहुतेकांसाठी बुफेच होता, पूरी-कचोरी आणि चाट यांसह. परंतु साठीपुढच्या पाहुण्यांसाठी आतल्या दालनात टेबल-खुर्च्यांवर ४० पानांची पंगत मांडली. पळसाच्या पत्रावळी येथे सहज मिळतात. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा असा बेत. गोडा मसाला पुण्याहून आणविला. वाढपी म्हणून मंडळातली तरुण मुले उभी केली आणि प्रत्येकाकडे पाच-पाच पाने सोपविली. त्या पाचांची नावे त्याने पाठ करावयाची, आणि त्यांतले कोणी उपाशी उठले तर जबाब त्याने द्यावयाचा. मराठी व अमराठी पाहुणे मुद्दाम एकाआड एक बसविले.

मामी एकट्याच आल्या होत्या. त्यांच्या शेजारी आमच्या एका सहकाऱ्यांच्या वृद्ध मातोश्री बसल्या. मटार घातलेला मसालेभात चाखून त्या म्हणाल्या, "अरे, यह तो हमारी तहरी है।" मामींना हिंदीचा गंध नाही, पण 'हमारी' तेवढे नेमके समजले. त्यांनी मान हलवून ठाम नकार दिला आणि गोडा मसाला, खोबरे, तूप यांची साग्रसंगीत कृती कोकणी हेल काढून मराठीत ऐकविली. मातोश्रींनी त्यांच्या तहरीची हिंदीत. दोघींची पाने दोनदा वाढावी लागली, आणि पंगत उठून दुसरी बसली तरी त्या जागच्या हलेनात.