बिनटाक्याच्या ऑपरेशनातला आतला टाका

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



डॉक्टरला बोलावले म्हणजे मधुमेह, रक्तदाब किंवा व्यसनमुक्ती यांवर भाषण होणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका लहानशा भोकाविषयी बोलणार आहे. दुर्बिणीतून पोटाचे ऑपरेशन करताना पोटाला अर्ध्या ते एक सेंटिमीटरची, कधी थोडी मोठी भोके पाडतात. त्यांतले एखादे आतून नीट मिटले नाही तर तिथून आतली चरबी किंवा आतडे बाहेर डोकावू लागते. हा हर्निया, शास्त्रीय मराठीत त्याला अंतर्गळ म्हणतात.

विषय किरकोळ वाटेल. पण या सभागृहात बसलेल्या कितीतरी मायबहिणींच्या बेंबीपाशी असा लहानसा व्रण असेल. कुटुंबनियोजनाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे लोक 'बिनटाक्याचे ऑपरेशन' म्हणतात. वास्तविक त्यातही कातडीला एखादा टाका बहुधा घालतातच. पण नाव पडले ते पडले, आणि त्या नावाने एक घोटाळा केला. टाका नाही म्हणजे जखम नाही, जखम नाही म्हणजे जपायचे काही नाही, अशी समजूत घरोघरी झाली. सासूबाई म्हणतात, "बिनटाक्याचेच तर होते, त्यात काय एवढे!" आणि आठवड्याच्या आत बाई पाण्याचा हंडा उचलते, लावणीला जाते.

आता पोटाची भिंत कशी असते ते पाहू. विद्यार्थ्यांनी इथे लक्ष द्यावे. गोधडीत जसे थर असतात तसे पोटाच्या भिंतीत थर आहेत. वर कातडी, खाली चरबी, त्याखाली स्नायू आणि स्नायूंना धरून असलेले चिवट पांढरे आवरण, आणि सर्वांत आत गुळगुळीत अस्तर. पोटाला आवळून धरण्याचे खरे काम ते पांढरे आवरण करते. कातडी आठ-दहा दिवसांत सांधते आणि आपल्याला वाटते की जखम बरी झाली. आवरणाला मात्र जोर येण्यास महिने लागतात, आणि पूर्वीइतके बळकट ते कधीच होत नाही. बाहेरून दिसते ते कातडीचे. आतले आवरण कुणालाच दिसत नाही. सगळी फसगत इथे आहे.

बेंबी ही तर मुळातच कमकुवत जागा. जन्मापूर्वी तिथून नाळ जात होती, तिथे स्नायू नाही. दुर्बीण आत घालायला सर्जनला तीच सोयीची वाटते, कारण भिंत तिथे पातळ असते आणि व्रणही झाकून जातो. पित्ताशय काढताना खड्यांनी भरलेली पिशवी बरेचदा तिथूनच बाहेर ओढतात. खडा मोठा असला तर भोक थोडे वाढवावे लागते. म्हणून दुर्बिणीनंतरचे हर्निये सर्वाधिक बेंबीपाशी आढळतात. कुशीकडच्या भोकांवर स्नायूंचे थर एकमेकांवर सरकून झाकण घालतात, त्यामुळे तिथे धोका कमी.

भोकाच्या मापाचे गणित सोपे आहे. ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर यांत फरक दुपटीचा वाटतो, पण तो व्यासाचा. क्षेत्रफळ काढा, ते चौपट होते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची एक मोठी पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखात २१ शस्त्रक्रियांनंतर असा हर्निया नोंदला गेला, आणि शंभरातले ८६ हर्निये १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या भोकांतून आलेले होते. त्याच पाहणीत शंभरातल्या सुमारे अठरा हर्नियांच्या जागी आवरणाला टाका घातलेला होता. म्हणजे टाका ही खात्रीची हमी नव्हे. तो खोलवर, आवरणाच्या दोन्ही कडा धरून बसला पाहिजे. नुसत्या चरबीत बसलेला टाका काही कामाचा नाही. पुढच्या पाहण्यांत, विशेषतः पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर रुग्णांना वर्षानुवर्षे तपासले तेव्हा, हे प्रमाण साधारण शंभरात एक ते तीनपर्यंत गेले. शोधाल तितके सापडते, असा हा प्रकार आहे.

ही शस्त्रक्रिया आली कुठून तेही थोडक्यात सांगतो. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे पहिले काम जर्मनीत एरिख म्यूह यांनी १९८५ साली केले. आपल्या देशात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी १९९० साली ते सुरू केले. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला ही सोय मिळाली याचे मोल मोठे आहे. कारण पूर्वीची मोठी चीर म्हणजे महिना-दीड महिन्याची मजुरी बुडणे, आणि मध्यावरच्या मोठ्या चिरेतून हर्निया होण्याचे प्रमाणही दुर्बिणीच्या भोकांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा माझे भाषण ऐकून कुणी दुर्बिणीच्या ऑपरेशनला नकार देऊ नये. डॉक्टरांनी सुचवले असेल तर अवश्य करावे.

मग काळजी कसली? मोठे भोक असले तर आतडे आत-बाहेर ये-जा करते. दिसायला भयंकर, पण अडकत नाही. लहान भोकाचे उलटे आहे. त्यातून आतड्याची घडी एकदा बाहेर आली की भोकाची कडा तिला आवळते, रक्त तुटते आणि आतडे काळे पडते. कधी कधी तर आतड्याची फक्त एक बाजूच त्यात चिमटली जाते. अठराव्या शतकातल्या रिश्टर या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. यात मार्ग पूर्ण बंद होत नाही, शौचाला होते, वारा सरतो, बाहेर फुगवटाही दिसेलच असे नाही. रोगी म्हणतो गॅस झाला, घरचे ओवा देतात, आणि आत आतड्याचा तुकडा मरत असतो.

काळाच्या दृष्टीने याचे दोन मुख्य प्रकार. एक लवकरचा, ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माणूस रोज थोडा थोडा सुधारला पाहिजे. काल चालत होता, जेवत होता, आणि आज उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, भोकाजवळ कळ येऊ लागली, तर गाडी उलटी निघाली असे समजा. त्याच दिवशी, जिथे ऑपरेशन झाले तिथे परत जा. दुसरा उशिराचा, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येणारा. उभे राहिल्यावर, खोकल्यावर बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर जातो. दुखत नाही म्हणून लोक तो वर्षानुवर्षे बाळगतात. लहान मुलाच्या बेंबीवर जसे नाणे ठेवून फडके बांधतात तसे नाणे बांधून आलेल्या मोठ्या बायका मी पाहिल्या आहेत. नाण्याने भोक बुजत नाही.

हा हर्निया कुणाला अधिक होतो? स्थूल व्यक्तींना, कारण चरबीच्या खाली सर्जनला आवरण नीट दिसत नाही. ज्यांना आधीपासून बेंबीचा बारीक हर्निया होता आणि कुणाच्या लक्षात आला नाही त्यांना. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना, ज्यांच्या जखमेत पू झाला त्यांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. आणि ज्यांना सतत खोकला, बद्धकोष्ठ किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला जोर करण्याचा त्रास आहे त्यांना. ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरतात, त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. जोराने खोकताना पोटातला दाब १०० च्याही वर जाऊ शकतो. कोवळ्या आवरणावर हा मार दिवसातून शंभरदा बसला तर ते टिकायचे कसे? म्हणून खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा इलाज ऑपरेशनच्या आधी करून घ्यावा, तंबाखू सोडावी.

सर्जनच्या बाजूने करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. शक्य तिथे लहान भोक पाडावे, कापत जाणाऱ्या टोकाऐवजी बोथट टोकाचे हत्यार वापरावे, १० मिलिमीटर व त्यावरच्या भोकांना, निदान बेंबीपाशी तरी, आवरणाचा टाका घालावा. मुलांच्या बाबतीत ५ मिलिमीटरचे भोकही मिटवावे, कारण त्यांची भिंत पातळ असते. नळ्या काढताना वायू आधी हळूहळू सोडावा, नाहीतर वायूच्या झोताबरोबर चरबीचा पदर भोकात ओढला जातो. शेवटची नळी निघेपर्यंत दुर्बिणीतून नजर असावी. दिवसाला दहा-वीस ऑपरेशने एका टेबलावर उरकायची असली की घाई होते ती नेमकी या शेवटच्या पाच मिनिटांत. हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही ऐकवतो.

तुम्ही काय करायचे? डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. सुट्टी होताना विचारा, "डॉक्टरसाहेब, मोठे भोक कुठले आणि त्याला आतून टाका घातला का?" हा प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आई-मावशीबरोबर जाऊन तो विचारावा. निदान चार ते सहा आठवडे हंडा, पोते, सिमेंटचे घमेले उचलू नये. चालणे-फिरणे मात्र पहिल्या दिवसापासून करावे. फुगवटा दिसला तर सर्जनला दाखवावा. सोनोग्राफीत, गरज पडल्यास सीटी स्कॅनमध्ये, भोक दिसते. दुरुस्ती टाक्यांनी किंवा जाळी बसवून होते, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही नित्याची शस्त्रक्रिया आहे. फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलटी झाली, तर तो दाबून आत ढकलत बसू नये, काही खाऊ-पिऊ घालू नये. रात्र असली तरी निघावे.

समोरच्या रांगेतून एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "फुगवटा आहे, पण दुखत नाही. पट्टा बांधून शेतातले काम केले तर चालेल का?" ताई, पट्ट्याने आधार वाटतो, भोक मिटत नाही. तारीख ठरेपर्यंत पट्टा वापरायचा की नाही हे तपासल्यावर सांगता येईल. येताना जुने कार्ड घेऊन या, आणि सुगी संपण्याची वाट पाहू नका.