दहा घरे, एक यादी

मयूर विहारात सेंद्रिय डाळ-तांदूळ मिळतो. पण भाव ऐकून हात आखडता घ्यावा लागतो. मुंबईकरांनी यावर वाट काढली आहे. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आदींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात. घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरतो आणि सभासदच तो वाटून घेतात. रेल्वेत आम्ही सामानाचा इंडेंट आधी देतो, तसेच हे. मागणी ठरलेली असली की नासधूस टळते.

सेंद्रिय मालाला मात्र पारख हवी. पाकिटावर २०१७ च्या नियमांनुसार ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. शेतकरी गटाकडे पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र मागावे. त्यात शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात, म्हणून खर्च कमी येतो.

मित्रहो, खरी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. महिन्यातून एक रविवार तराजू धरायला कोण येणार? आरतीला एवढी घरे जमतात. त्यांतली दहा पुढे आली, तरी दिवाळीच्या फराळाचे सामान आपण एकत्र आणू शकू. इच्छुकांनी आजच मंडळाकडे नावे द्यावीत, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!