दगडाखालचे साक्षीदार



सोहारमागच्या हजर डोंगरांत सुट्टीला आपण जातो. तिथल्या वादीत, म्हणजे ओढ्यात, वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटून पाहा. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले चिकटलेली दिसली, तर पाण्यात बहुधा भरपूर प्राणवायू आहे. दगड पुन्हा तसाच ठेवा.

रासायनिक तपासणी बाटली भरली त्या क्षणाचे पाणी सांगते. ही पिल्ले आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन् महिने पाण्यात काढतात. रात्री कुणी सांडपाणी सोडले, तर बहुतेक जाती नाहीशा होतात. गाळात उरतात लाल अळ्या. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्याच जोरावर त्या अपुऱ्या प्राणवायूत तगतात.

आपल्यापैकी अनेकांची घरे पुण्यात आहेत, म्हणून हे सांगतो. मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. सांडपाणी शुद्धीकरणाची योजना वेगळी आहे. दोन्हींचा खरा हिशेब नदीच्या तळाशी मिळेल. म्हणून महापालिकेला बागा आणि पायवाटांच्या आधी एवढेच विचारा: दगडाखाली कोण राहते, हे दरवर्षी मोजून जाहीर करणार का?