विमानातील विजेचे नियमन

सायकल सावकाश चालविली की तिच्या डायनॅमोवरील दिवा मिणमिणतो. उतारावर तोच डोळे दिपवितो आणि एखादे वेळी बल्बही जळतो. विमानातील जनित्रापुढे नेमका हाच प्रश्न असतो. ते इंजिनाला जोडलेले असल्यामुळे उड्डाणाच्या वेळी वेगाने फिरते, उतरताना मंदावते. रेडिओ, दिवे व दिशादर्शक उपकरणे यांना मात्र ठराविक विद्युत्‌दाबाचीच वीज लागते.

इंजिनाचा वेग विजेसाठी बदलता येत नाही. म्हणून जनित्रातील विद्युत्‌चुंबकाचे बळच कमीअधिक केले जाते. त्याच्या वेटोळ्यातून जाणारा अल्प प्रवाह आवरला, की बाहेर पडणाऱ्या विजेचा दाब आटोक्यात राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक विमानांत हे काम कार्बनच्या चकत्यांची एक चळत करीत असे. स्प्रिंगने चकत्या घट्ट आवळलेल्या असत. विद्युत्‌दाब वाढला की एक छोटा विद्युत्‌चुंबक स्प्रिंगचा जोर कमी करी. चकत्या सैल पडत, त्यांचा रोध वाढे आणि वेटोळ्यातील प्रवाह घटे. सुमारे २८ व्होल्टची वीज या साध्या युक्तीने स्थिर राखली जाई.

पुढे मोठ्या जेट विमानांत ११५ व्होल्ट व ४०० हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि चकत्यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली. विद्युत्‌दाब राखण्याबरोबरच, धोका दिसताच जनित्र बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला. हा अधिकार आवश्यकच आहे. परंतु तो चुकीच्या क्षणी वापरला गेला तर काय, हा प्रश्न २०१५ साली बोइंग ७८७ विमानाच्या बाबतीत उभा राहिला.

या विमानाच्या दोन इंजिनांवर मिळून चार मुख्य जनित्रे असतात. एक निकामी झाले तरी उरलेल्यांनी भार उचलावा, हा त्यामागील हेतू. प्रयोगशाळेतील चाचणीत मात्र असे आढळले, की वीज सलग २४८ दिवस चालू राहिल्यास नियंत्रकाच्या आज्ञावलीतील गणक भरून जातो आणि नियंत्रक सुरक्षिततेसाठी जनित्र बंद करतो. चारही नियंत्रक एकाच वेळी सुरू झालेले असतील, तर चारही जनित्रे एकदमच थांबणार, मग विमान आकाशात का असेना! चार जनित्रांची सारी सावधगिरी त्यांच्या नियंत्रकांतील एकाच दोषापुढे निष्फळ ठरण्याजोगी होती.

अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने त्या वर्षी आदेश काढला. आज्ञावली सुधारली जाईपर्यंत त्यात सांगितलेला उपाय कोणत्याही तंत्रज्ञास सहज जमण्याजोगा होता : जास्तीत जास्त १२० दिवसांच्या अंतराने विमान जमिनीवर असताना त्यातील वीज पूर्णपणे बंद करावी.