उंबरठ्यावरची करुणा
(वसमत येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजाने ज्यांना बाहेर टाकले, त्यांच्याजवळ जाण्याचा प्रयत्न ख्रिस्ती परंपरेने महाराष्ट्रात केला आहे. त्याची चिकित्सा समाजवादी कार्यकर्त्याने दोन पूर्वग्रह बाजूस सारून करावयास हवी. ही सारी सेवा म्हणजे धर्मांतराचे जाळे, हा पहिला पूर्वग्रह; आणि सेवा घडली म्हणजे न्याय मिळाला, हा दुसरा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने गांजलेल्या मुली व स्त्रिया आणल्या, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरे दार क्वचितच उघडे होते. केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई ही कामे या स्त्रियांच्या हाती आली. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्यांसाठी तेथे कृपासदनही निघाले. करुणेला उत्पादक श्रमाची जोड मिळाली, हे या कार्याचे खरे बळ होय.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मुक्ती सदनाचे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते. ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याने अन्नदात्याच्या श्रद्धेला दिलेली संमती मोकळी कशी मानावी? जोतीराव फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा आश्रयास येणाऱ्या विधवेला ना धर्म बदलावा लागला, ना पश्चात्ताप सांगावा लागला. आश्रय आणि अट यांची ही फारकत हाच कसोटीचा मुद्दा आहे.

हाच प्रश्न आज समलिंगी व्यक्तींच्या संदर्भात चर्चपुढे उभा आहे. तेथे तीन भूमिका दिसतात. समलिंगी माणसाला ‘बरा’ करावयाचा रोगी किंवा सुधारावयाचा पापी मानणे, ही पहिली. दुसरी कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका: व्यक्तीला आदराने वागवावे, मात्र समलिंगी संबंधांना नैतिक मान्यता देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कलम ३७७ पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानीत नाही असे जाहीर केले. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्यास मुभा दिली. पण तो विवाहविधी भासू नये, अशी अट घातली. प्रार्थनेत, कारभारात आणि पौरोहित्यातही बरोबरीचे स्थान द्यावे, ही तिसरी भूमिका. जगातील काही प्रोटेस्टंट चर्चनी ती स्वीकारली आहे.

पहिल्या भूमिकेचा आधार आता कायद्याने व वैद्यकाने काढून घेतला आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘बरे करण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. दुसरी भूमिका माणुसकीची आहे, पण अपुरी आहे. हे समजण्यास वसमतच्या माणसाला रोमला जावे लागत नाही. याच जिल्ह्यातील नर्सीच्या नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या, अशी परंपरा आहे. समाधी झाली ती मंदिराच्या दाराशी, आत नव्हे. ते दार दलितांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. उंबरठ्यावरच्या प्रेमाला आत येण्याचा हक्क म्हणता येत नाही.

चर्चला हा प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याने तो स्वतःच्या संघटनेलाही विचारला पाहिजे. तालुक्याच्या गावात घराबाहेर काढलेल्या समलिंगी तरुणाचे केवळ छप्पर जात नाही. शेतीतला वाटा, रोजगाराची ओळख आणि आजारपणातला आधार, सारेच जाते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारल्याने वारसा व कौटुंबिक लाभ यांचा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. संघटनेच्या कार्यालयात त्याला बसावयास जागा, कामगार सभेत मत आणि कायदेशीर साहाय्य मिळते काय? मिळत नसेल, तर मिशनच्या करुणेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. मिशनऱ्यांनी निदान दार तरी उघडले होते. विनाअट प्रवेश देणे, एवढेच आता बाकी आहे, आणि ते काम समतेचे नाव घेणाऱ्यांचे आहे.