सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि विसरलेली अपेक्षा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पूल बांधणाऱ्यास अभियंता म्हणण्यास कोणाची हरकत नसते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास ते बिरुद शोभते काय, हा प्रश्न मात्र जुना आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरविलेल्या परिषदेला ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठीच दिले गेले होते. आज्ञावलीला गंज चढत नाही, ती झिजत नाही. तरीही ती कोसळते.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचा ‘एरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच झेपावला आणि सुमारे ४० सेकंदांत, चार उपग्रहांसह, आकाशातच नष्ट झाला. गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चौकशी केली. दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली ‘एरियान ४’ वरून घेतलेली होती. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच, मावेल असे तीत गृहीत होते. प्रोसेसरवरील भार मर्यादेत राहावा म्हणून अशा सात संख्यांपैकी तिघींना संरक्षणच दिले नव्हते. ही त्यांपैकीच एक. जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर ती मावत असे. नव्याचा वेग अधिक असल्याने ती मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने ती क्षणभर आधीच मिटली होती. विशेष हे की, त्या गणनेची उड्डाणानंतर गरजच नव्हती!

स्याद्वादाच्या अभ्यासकांस येथील खूण सहज पटेल. ‘एरियान ४’च्या अपेक्षेने ती आज्ञावली सत्यच होती. परंतु ती अपेक्षा आज्ञावलीत नमूद नव्हती, कागदपत्रांच्या ढिगात झाकली गेली होती. ‘स्यात्’ गळाले आणि सापेक्ष विधान निरपेक्ष मानले गेले.

चाचण्या वाढवाव्यात, असे कोणी सुचवील. ३२ बिटांच्या दोन संख्यांची केवळ बेरीज सर्व प्रकारे तपासायची, तर सेकंदाला शंभर कोटी तपासण्या करूनही सुमारे ५८५ वर्षे लागतील. गणिती सिद्धतेचा मार्ग अधिक भक्कम खरा. तथापि सिद्धताही दिलेल्या गृहीतकांपुरतीच. म्हणून ही गृहीतके आज्ञावलीसोबतच, यंत्राला तपासता येतील अशा रूपात कशी वाहून न्यावीत, हा संशोधनातील खरा अवघड प्रश्न आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रातही आज्ञावलींच्या विश्लेषणावर दीर्घकाळ काम झाले.

आता तर यंत्रेच आज्ञावली लिहू लागली आहेत. लिओंस मंडळाला निदान जुने कागद चाळून निर्णयाचा माग काढता आला होता.