शाळेतील सीसीटीव्हीची निगा
(कळंब येथील शिक्षक-सभेतील भाषण)



बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या शासननिर्णयाने शाळांत सीसीटीव्ही आवश्यक ठरले. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, असेही त्यात सांगितले आहे. परंतु नुसते यंत्र बसविल्याने मुले सुरक्षित होत नाहीत. प्रथम रेकॉर्डरची तारीख-वेळ पाहावी; वेळ ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढे असावी. चुकीच्या वेळेचे चित्रण म्हणजे चुकीच्या तारखेची हजेरीच होय! मूळचा पासवर्ड तत्काळ बदलावा. अन्यथा मुलांची चित्रे परक्यांच्या हाती पडण्याचा धोका असतो. राउटरवरील दोन उपकरणांस एकच आयपी पत्ता देऊ नये. डिस्क भरली की बहुधा जुने चित्रण पुसले जाते. म्हणून काही घडताच त्याची प्रत काढून ठेवावी. हजेरीपटाइतक्याच नेमाने हे काम व्हावे, एवढीच विनंती.